फ्रूट सॅलडला पाणी सुटतं, केळी काळी पडतात, दूध कडू होतं: नेमकं काय चुकतं?

आपल्याकडे फ्रूट सॅलड म्हटलं की दोन पदार्थ डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे नुसत्या फळांच्या फोडी, वर लिंबू आणि चाट मसाला. दुसरं म्हणजे दुधातलं किंवा कस्टर्डमधलं, जे एकेकाळी लग्नाच्या पंगतीत पुरीबरोबर वाढलं जायचं. तक्रारी दोन्हींबद्दल असतात आणि बहुतेक एकाच सुरातल्या असतात: दुपारी केलं तेव्हा झकास होतं, रात्री जेवायला काढलं तर बघवेना.

दुपार ते रात्र एवढ्या वेळात फ्रिजमधली फळं खराब होत नाहीत. बिघडतं ते आपण कापणं, साखर घालणं आणि मिसळणं ही तिन्ही कामं एका दमात उरकून टाकतो म्हणून. लक्षणावरून कारण ओळखता येतं, आणि प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. लिंबू पिळलं की सगळं ठीक होतं असं समजून दुधातल्या सॅलडमध्ये लिंबू पिळणारेही आहेत, म्हणून हे नीट वेगवेगळं करून सांगते.

तळाशी वाटीभर पाणी साचतं

सगळ्यात जास्त तक्रार हीच. कलिंगडाची एक फोड ताटलीत ठेवा, वर चिमूटभर साखर भुरभुरा आणि बघत राहा. आधी साखरेचे दाणे ओलसर दिसतात, मग दिसेनासे होतात, फोडीवर चकाकी येते, आणि दहा-पंधरा मिनिटांत ताटलीत गुलाबी पाण्याचं वर्तुळ तयार होतं. साखर किंवा मीठ बाहेर असलं की फळाच्या पेशीतलं पाणी तिकडे ओढलं जातं. कैरीच्या लोणच्याला मीठ लावून ठेवतो तेव्हा हेच आपल्याला हवं असतं. सॅलडमध्ये नको असतं, एवढाच फरक. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, स्ट्रॉबेरीतही जवळपास तेवढंच. अशी फळं साखर लावून चार तास ठेवली तर दुसरं काय होणार?

म्हणून साखर, पिठीसाखर, मध, चाट मसाला, काळं मीठ, यातलं काहीही आधी घालायचं नाही. वाढायच्या दहा मिनिटं आधी घाला. चाट मसाल्यातही मीठ असतं हे आपण विसरतो आणि ‘मी तर साखर घातलीच नाही’ म्हणून चक्रावतो.

दुसरं कारण धुण्यातलं. द्राक्षं धुऊन लगेच भांड्यात टाकली तर घडाच्या खाचाखोचांतलं पाणी तसंच खाली उतरतं. धुतलेली फळं रोळीत निथळू द्या, मग स्वच्छ पंचावर पसरून कोरडी करा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा आणि देठ नंतर काढा. देठ काढून धुतली तर ती आतून पाणी पिते आणि बेचव होते. डाळिंबाचे दाणे सोलताना फुटले असतील तर हलकेच एकदा पाण्यातून काढून निथळवा, नाहीतर दूध, केळी, सफरचंद सगळंच गुलाबी होतं.

तिसरं कारण सुरी. बोथट सुरी फळ कापत नाही, दाबते. चिरडलेल्या फोडीतून रस गळणारच. फोडीही फार बारीक करू नका. जितक्या बारीक फोडी तितका कापलेला भाग जास्त आणि तितकं पाणी जास्त. बोराएवढ्या फोडी पुरतात. तान्ह्या बाळासाठी किंवा दात नसलेल्या आजोबांसाठी बारीक हवं असेल तर त्यांच्या वाटीपुरतं वेगळं कापा.

संत्र्याचंही तसंच. आडवं कापून चकत्या केल्या की निम्मा रस पाटावर. हाताने सोलून फोडी वेगळ्या करा, वेळ असेल तर वरचा पापुद्रा काढा, पण फोड अखंड राहू द्या.

आणि माझं ठाम मत: कलिंगड आणि खरबूज मिश्र सॅलडमध्ये घालूच नयेत. ती एकटी खायची फळं आहेत. इतर फळांबरोबर ठेवली की सगळ्यांना भिजवून टाकतात आणि स्वतःही मऊ पडतात. मुलांना हवंच असेल तर वाढताना वरून टाका.

पाणी सुटलेलंच असेल तर? नुसत्या फळांचं सॅलड असेल तर चाळणीत ओता, खालच्या रसात लिंबू आणि चिमूटभर सैंधव घालून सरबत म्हणून प्या. फोडींवर पुन्हा साखर घालू नका, पुन्हा तेच होईल.

सफरचंद आणि केळी काळी पडतात

कापलेल्या फळात एक विकर (एन्झाइम) मोकळं होतं, हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ते फळातल्या तुरट द्रव्यांवर काम करतं आणि तपकिरी रंग येतो. ते थांबवायचे मुख्य मार्ग तीन: आंबटपणा, हवा तोडणं किंवा उष्णता. सॅलडमध्ये पहिले दोन चालतात.

सफरचंद, पेर आणि पेरूसाठी मिठाचं पाणी उत्तम. एक लिटर थंड पाण्यात अर्धा चमचा मीठ, त्यात फोडी पाच ते दहा मिनिटं, मग साध्या पाण्यातून एकदा काढून निथळवायच्या. खारट लागत नाहीत. लिंबू वापरायचं तर कपभर पाण्यात एक चमचा रस पुरतो. थेट लिंबू पिळलं तर काही फोडी आंबटढाण होतात आणि काहींना रस लागतच नाही. नुसत्या फळांच्या सॅलडमध्ये मला सगळ्यात आवडतो तो संत्र्याचा रस. सफरचंद कापून थेट ताज्या रसात टाकायचं. त्यातला आंबटपणा आणि क जीवनसत्त्व दोन्ही काम करतात, आणि चवीत लिंबासारखं टोक येत नाही.

केळ्याला यातलं काहीच नीट मानवत नाही. पाण्यात टाकलं की बुळबुळीत होतं. केळं हे शेवटचं काम: सगळं तयार झालं, ताटं मांडली, की मग केळं सोलायचं. दुधात किंवा कस्टर्डमध्ये पूर्ण बुडालं तर हवा लागत नाही म्हणून काही वेळ पांढरं राहतं, पण वर तरंगणाऱ्या चकत्या काळ्या पडतातच. केळं पिवळं पण टणक घ्या. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं शिकरणाला गोड लागतं, सॅलडमध्ये त्याचा लगदा होतो.

विळीवर फळं कापत असाल तर पातं कशाचं आहे ते बघा. जुन्या लोखंडी पात्यावर सफरचंद, पेरू किंवा कच्चट चिकू कापला की निळसर-काळे डाग पडतात. ते वरच्या तपकिरी रंगापेक्षा वेगळे: लोखंड आणि फळातलं टॅनिन यांची ती करामत. लिंबू पिळून हे डाग टळत नाहीत. स्टीलची सुरी घ्या, प्रश्न संपला.

शाळेच्या डब्यातल्या सफरचंदासाठी एक युक्ती. फोडी केल्यावर त्या पुन्हा जुळवून अख्ख्या सफरचंदासारख्या धरायच्या आणि रबर लावायचं. कापलेल्या बाजू एकमेकींना चिकटून राहतात, हवा लागत नाही. मिठाच्या पाण्यातून काढून असं बांधलं तर मधल्या सुट्टीपर्यंत फोडी पांढऱ्या राहतात.

दूध कडू झालं, की फाटलं?

इथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते.

घातल्या घातल्या दुधात कणी दिसली, तर दोष आंबटपणाचा. आंबट द्राक्षं, संत्रं, स्ट्रॉबेरी यांचा रस दुधात उतरला की पनीर करताना होतं तेच होतं. कोमट दुधात हे झटकन होतं, थंडगार दुधात हळू. कस्टर्डमधल्या कॉर्नफ्लोअरमुळे दूध थोडंफार सावरलं जातं, म्हणून आंबट फळं घालायचीच असतील तर साध्या दुधापेक्षा कस्टर्ड बरं, तेही पूर्ण थंड झालेलं.

सुरुवातीला सगळं छान, आणि तास-दोन तासांनी चव कडसर, दूध विचित्र पातळ, असं असेल तर दोष आंबटपणाचा नाही. तिथे अननस, पपई किंवा किवी असणार. अननसात ब्रोमेलिन, पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन. ही तिन्ही प्रथिनं तोडणारी विकरं. दुधातल्या प्रथिनांचे ती तुकडे करतात आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. ताजं अंजीर याच जातीतलं, खरबूजही. साखर वाढवून हा कडूपणा झाकत नाही आणि फ्रिजमध्ये तो थांबत नाही, फक्त सावकाश वाढतो. ‘अननस कडू निघाला’ म्हणून फळवाल्याशी भांडायला जाण्याआधी उरलेली फोड नुसती खाऊन बघा. ती गोडच लागेल.

अननसावर उपाय सोपा आहे. फोडी करून दोन-तीन चमचे साखर घालून पातेल्यात शिजवा; चांगली उकळी येऊन पाचेक मिनिटं होऊ द्या. फोड आतपर्यंत गरम झाली पाहिजे, वरवर कोमट करून भागत नाही. मग पूर्ण थंड करून कस्टर्डमध्ये घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो म्हणून तो त्रास देत नाही. पपईच्या भानगडीत मात्र पडू नका: तिचं विकर उष्णतेला बरंच टिकतं, आणि शिजवलेली पपई खाणार कोण? पिकल्या पपईत ते कच्चीपेक्षा कमी असतं, तरी दुधात ठेवायची नाहीच. पपईवर लिंबू पिळा आणि नुसती खा. किवीच्या चकत्या वाढताना वर ठेवा.

जेली घट्ट होत नाही, ही तक्रारही याच घराण्यातली. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस किंवा किवी घातली की ती रात्रभर ठेवूनही पाणीच राहते, कारण जिलेटिन हेही प्रथिन. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्यात प्रथिनाचा संबंध नाही, म्हणून ते सेट होतं.

सीताफळाचा कडूपणा याहून निराळा. सीताफळाचा गर गरम झाला की कडवट होतो. गर थंड कस्टर्डमध्येच मिसळायचा. गरम दुधात घालून वर आणखी एक उकळी काढली की बियांशी केलेली तासाभराची झटापट वाया गेली.

दुधात बिनधास्त चालणारी फळं: केळं, चिकू, सफरचंद, गोड हापूस, सीताफळ, गोड द्राक्षं, डाळिंबाचे दाणे.

कस्टर्ड घट्ट झालं होतं, पुन्हा पातळ कसं झालं?

कस्टर्ड पावडरीत अंडं असतं असा समज अजून आहे. ती निघालीच अंडं टाळण्यासाठी. बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरवर घट्ट होणारं कस्टर्ड तयार केलं. आजची पिवळी पावडरही मुख्यतः कॉर्नफ्लोअरच आहे. म्हणून तिचे रुसवे-फुगवे पिठाचे आहेत, दुधाचे नाहीत.

अर्धा लिटर दुधाला दोन सपाट मोठे चमचे पावडर, साखर तीन-चार चमचे. पावडर थंड दुधात कालवायची, गरम दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्या. मिश्रण घातल्यावर दूध जाडसर झालं की लोक गॅस बंद करतात, आणि इथेच घोटाळा होतो. बुडबुडे यायला लागल्यावर ढवळत ढवळत आणखी दोन मिनिटं शिजू द्या. नाहीतर पिठाची कच्ची चव राहते आणि नंतर ते सैल पडतं. डाव बुडवून बाहेर काढा, मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही की झालं. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, त्यामुळे गॅसवरच खिरीहून जाड करायची गरज नाही.

आता चमचा. चव बघायला एक चमचा तोंडात घातला आणि तोच पुन्हा पातेल्यात बुडवला, तर कस्टर्ड पातळ होऊ शकतं. आपल्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज असतं. तेवढ्याशा लाळेतलं विकरही रात्रभरात बरंच काम करून ठेवतं. आपल्या आज्या उष्टा चमचा भांड्यात घालू देत नसत. कस्टर्डच्या बाबतीत तरी तो नियम पाळलाच पाहिजे. प्रत्येक वेळी नवा चमचा, किंवा थेंबभर हातावर घेऊन बघा.

बाकी कारणं थोडक्यात. फळं ओली होती. गार होऊन बसलेलं कस्टर्ड जोरजोरात घुसळलं. फ्रीझरमध्ये ठेवलं, गोठून वितळलं की पीठ पाणी सोडतं, मग काही केल्या ते एकजीव होत नाही. फळं घातली नसतील तर पातळ कस्टर्ड सुधारता येतं: चमचाभर पावडर थंड दुधात कालवून घाला आणि पुन्हा उकळा. फळं घातल्यावर मात्र नाद सोडा, पेल्यात ओतून द्या.

उपासाच्या दिवशी लक्षात ठेवा की कॉर्नफ्लोअर म्हणजे मका, आणि बऱ्याच घरांत तो उपासाला चालत नाही. अशा वेळी दूध निम्मं होईपर्यंत आटवा, वेलची घाला, गार करा आणि त्यात केळं, चिकू, सफरचंद. चव कस्टर्डपेक्षा सरस, फक्त गॅसपाशी उभं राहावं लागतं.

चवच लागत नाही

फ्रिजमधून काढल्या काढल्या गोडवा कमी जाणवतो. कोमट असताना बरोबर वाटलेली साखर थंड झाल्यावर कमी वाटते, म्हणून अंदाज थंड असतानाच घ्या. फळ कच्चं असेल तर साखरेने काही साधत नाही. कच्च्या चिकूचा तुरटपणा जिभेला चिकटून बसतो, त्यापेक्षा चिकू दोन दिवस तांदळाच्या डब्यात राहू द्या. आणि सॅलडला कांद्याचा वास येत असेल तर झाकण घट्ट नाही.

किती वेळ ठेवायचं

फळं कापण्याआधी धुवा, ज्यांची साल फेकणार तीसुद्धा. खरबुजाच्या खरबरीत सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर थेट गरात जातात. कापलेली फळं बाहेर दोन तासांहून जास्त नकोत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल-मेमध्ये नागपूर-जळगावकडे सावलीतही पारा त्याच्या वर असतो, तेव्हा हळदीकुंकवाला किंवा वाढदिवसाला मोठं पातेलं बाहेर मांडून ठेवू नका. थोडं थोडं काढा. फ्रिजमध्ये दूध घातलेलं सॅलड दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. आंबूस वास आला, फेस दिसला, की टाकून द्या.

हे सगळं टाळून चौघांसाठी करायचं तर

सकाळी अर्धा लिटर दुधाचं कस्टर्ड करून गार करायला ठेवा. साय धरू नये म्हणून मधूनमधून हलवा, गार झालं की झाकून फ्रिजमध्ये. डाळिंब सोलून दाणे वेगळ्या डब्यात, द्राक्षं धुऊन कोरडी करून वेगळ्या डब्यात. एवढी तयारी दिवसभर आरामात टिकते. जेवायच्या अर्धा तास आधी एक सफरचंद कापून मिठाच्या पाण्यात, दोन चिकू सोलून फोडी. पानं घेताना सगळं कस्टर्डमध्ये हलक्या हाताने मिसळा आणि शेवटी दोन केळी. यात अवघड काही नाही, फक्त फ्रिजमध्ये एकाऐवजी तीन डबे लागतात.

फळं मोसमाप्रमाणे बदला. डिसेंबर ते मार्चमध्ये महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि नाशिकची द्राक्षं मिळतात. स्ट्रॉबेरी आंबट असेल तर ती वरून. उन्हाळ्यात हापूस आणि केळं एवढीच जोडी पुरे, तिसरं फळ आंब्यापुढे टिकत नाही. नवरात्राच्या सुमारास सफरचंद, सीताफळ, डाळिंब. बारमाही सगळंच मिळतं म्हणून दहा फळं एकत्र करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. तीन-चार फळांचीच चव जिभेला कळते.

उरलंच, तर कस्टर्डमधलं उरलेलं सॅलड सकाळी मिक्सरमधून काढून मुलांना द्या, वर थोडं थंड दूध. त्याच्या कुल्फ्या करायचा मोह होतो, तर आधी मिक्सरमधून काढा आणि मगच साच्यात भरा. फोडी तशाच राहिल्या तर त्या दगडासारख्या गोठतात आणि कुल्फी चावताना दात ठणकतात.